दगडांसाठी एक खोली: इंदूरच्या कारभाऱ्यांना, प्राचार्यांना आणि खदानमालकांना खुले पत्र

माननीय महापौर आणि सर्व पार्षद, शहरातल्या महाविद्यालयांचे प्राचार्य, आणि इंदूर, महू, धार भागातले खदानमालक व क्रशरवाले यांना,

सप्रेम नमस्कार.

मागच्या मे महिन्यात इंदूरच्या छावणी भागातून जात असताना एका अटाळ्याच्या दुकानासमोर सागवानी खणांची चळत उन्हात पडलेली दिसली. एकूण १४ खण. प्रत्येकात पुठ्ठ्याचे चौकोन पाडलेले, चौकोनात दगड, दगडाखाली कागदाची चिठ्ठी. मी रिक्षा थांबवली. दुकानदार लाकूड तोलत होता आणि त्याचा पोरगा दगड नालीच्या कडेला ओतत होता, कारण लाकडाच्या वजनात दगड धरले तर मालकाचं नुकसान. "मॅडम, पत्थर चाहिए तो ऐसे ही ले जाओ," तो म्हणाला.

नालीच्या काठावरचा पहिला दगड उचलला. काळ्या पाषाणाचा तळहाताएवढा तुकडा, आणि त्यावर स्टिलबाइट या खनिजाचे सात-आठ झुबके. गव्हाच्या पेंढ्या मध्ये आवळून बांधाव्यात आणि दोन्ही टोकांना मोकळ्या सुटाव्यात, अगदी तसे ते स्फटिक वाढतात. रंग पिकल्या पेरूच्या गरासारखा, अंगावर मोत्याची झाक. एक झुबका नुकताच तुटला होता, तुटलेली जागा पांढरीशुभ्र दिसत होती. तो तुटलेला भाग मी नालीत बराच वेळ शोधला, मिळाला नाही. चिठ्ठीवर झरणीच्या शाईने इंग्रजीत लिहिलं होतं: जानापावचा पायथा, विहीर, ४० फूट.

मी २२ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. पदवी भूविज्ञानाची. आईवडील दोघंही इंदूरचेच, वडील विहिरींच्या कामावर ओव्हरसियर. त्यामुळे जमिनीखालून काय निघतं याची ओढ लहानपणापासून. ती चिठ्ठी वाचली आणि उन्हात तिथेच उभी राहिले. कोणीतरी ४० फूट खोल विहिरीतून हा दगड वर आणला, कोणीतरी तो पुसला, ओळखला, त्याचा पत्ता लिहिला, आणि इतकी वर्षं तो खणात सुखरूप राहिला. तो नालीत गेला दहा मिनिटांत.

खण शहरातल्याच एका महाविद्यालयातून आले होते. नाव लिहीत नाही, कारण मला कोणाला खजील करायचं नाही. तिथे विषय बंद झाला, खोली संगणकांना हवी होती, यादीत 'जुने लाकडी फर्निचर' एवढीच नोंद झाली आणि लिलाव झाला. कोणाच्या मनात पाप नव्हतं. पण असं दुसऱ्या महाविद्यालयात पुन्हा होऊ नये, आणि असे दगड ठेवायला शहरात सगळ्यांना पाहता येईल अशी एक खोली व्हावी, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आपण सगळे ज्या जमिनीवर राहतो ती लाव्हाची आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे थरावर थर लाव्हा पसरला, त्याचा काळा पाषाण झाला, आणि तोच झिजून माळव्याची काळी माती झाली. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूचे बुडबुडे आत अडकले. त्या पोकळ्यांतून पुढे गरम पाणी झिरपत राहिलं आणि पाण्यात विरघळलेली द्रव्यं आत स्फटिक होऊन बसली. स्टिलबाइट, हेउलँडाइट, स्कोलेसाइट, अ‍ॅपोफिलाइट, कॅल्साइट, अकीक, जांभळी गारगोटी हे सगळे त्या पोकळ्यांतले रहिवासी. यातल्या पहिल्या तिघांना झिओलाइट म्हणतात. हे नाव १७५६ साली क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने दिलं. त्याने एक स्फटिक तापवला तेव्हा आतलं पाणी बाहेर पडून तो उकळल्यासारखा फसफसला, म्हणून ग्रीकमधून 'उकळणारा दगड'.

दख्खनच्या या पाषाणातले स्फटिक जगात नावाजलेले आहेत. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीतला गडद निळा कॅव्हनसाइट, पाषाणच्या टेकडीतला हिरवा अ‍ॅपोफिलाइट, जळगाव-नाशिककडचे स्टिलबाइट, हे परदेशातल्या मोठ्या संग्रहालयांत अगदी दर्शनी मांडलेले असतात. खंडाळ्याच्या बोरघाटात रेल्वेचे बोगदे खोदले गेले तेव्हाचे नमुने लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. अमेरिकेतल्या टूसॉन शहरात दर फेब्रुवारीत खनिजांची जत्रा भरते, तिथे आपल्याकडच्या पाषाणातले स्फटिक हातोहात जातात. खाणीवरच्या मजुराला त्याचे किती मिळतात ते खदानमालकांना मी सांगायला नको.

आणि इंदूरपासून दीडशे किलोमीटरवरची एक गोष्ट तर प्रत्येक इंदूरकराला माहीत असायला हवी. झाबुआ जिल्ह्यात मेघनगरकडे काजलीडोंगरी नावाची मँगनीजची खाण आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फर्मोर तिथे काम करत होते. तिथलं एक काळं, जड, धातूसारखं चमकणारं खनिज आधी कोणीच वर्णन केलेलं नव्हतं. फर्मोर यांनी १९०६ साली त्याला हॉलंडाइट नाव दिलं, सर्वेक्षणाचे तेव्हाचे संचालक थॉमस हॉलंड यांच्यावरून. म्हणजे जगात कुठेही हॉलंडाइट सापडला तरी पुस्तकात त्याचं मूळ गाव काजलीडोंगरी, झाबुआ असंच लिहिलेलं असतं. त्याच खाणीतून विंचाइट नावाचं निळसर खनिजही पहिल्यांदा जगाला कळलं, तेही ज्यांना ते सापडलं त्या विंच यांच्या नावाने.

पुढे १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी अणुभट्टीतला किरणोत्सारी कचरा दगडात बंदिस्त करण्याची एक पद्धत मांडली, सिनरॉक. त्या कृत्रिम दगडात जे घटक कचरा धरून ठेवतात त्यांतल्या एकाची रचना हॉलंडाइटची आहे. कचऱ्यातलं सीझियम हे मूलद्रव्य त्याच्या सांगाड्यातल्या बोगद्यांत अडकून राहतं. झाबुआच्या डोंगरातल्या खनिजाची ही घडण. मी वर्गात हे सांगायचे तेव्हा मुलं विचारायची, "बाई, तो दगड बघायला कुठे मिळेल?" माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. आता आहे, कारण ते खण मी घरी आणले. खण क्रमांक ११ मध्ये एक काळा ढेकळासारखा तुकडा आहे, चिठ्ठी काजलीडोंगरीची. हातात घेतला की आकाराच्या मानाने वजन इतकं लागतं की माणूस दचकतो.

आता चिठ्ठ्यांबद्दल, कारण माझ्या मते नमुन्यापेक्षा चिठ्ठी आधी वाचवावी. सुंदर स्फटिक बाजारात विकत मिळतो. पण कुठल्या गावच्या, कुठल्या खदानीत, किती खोलीवर, कोणत्या साली तो निघाला हे एकदा गेलं की कुठल्याच प्रयोगशाळेतून परत मिळत नाही. पत्ता गेलेला दगड शोभेची वस्तू होतो, पत्ता असलेला दगड पुरावा असतो. त्या खणांतल्या रिकाम्या चौकोनांच्या चिठ्ठ्याही मी जपून ठेवल्या आहेत. एका चिठ्ठीवर चोरल नदीचं नाव आहे. तिचा दगड नालीत गेला असणार, पण तिथे असं काही निघतं ही बातमी चिठ्ठीने जपली. म्हणून प्राचार्यांना हात जोडून विनंती: कपाट हलवायचं असेल तर आधी प्रत्येक खणाचा वरून फोटो काढा, दगड आणि चिठ्ठी एकत्र दिसेल असा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, शिपाईसुद्धा मोबाइलवर करू शकेल. मग दगडावर पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका देऊन त्यावर क्रमांक लिहावा, तोच क्रमांक वहीत. एवढं झालं तर कपाट दहा वेळा हललं तरी नमुना अनाथ होत नाही.

दगड म्हणजे टिकाऊच, त्याला कसली काळजी, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. वडिलांच्या पत्र्याच्या डब्यात एक लॉमोंटाइटचा नमुना होता, लांबट फिकट गुलाबी काड्यांचा. विहिरीच्या ओल्या भिंतीतून काढला तेव्हा काचेसारखा होता म्हणे. माझ्या हातात आला तेव्हा डब्यात पांढरा चुरा होता, बोटाला रांगोळीसारखा लागणारा. लॉमोंटाइटच्या आत पाणी असतं, कोरड्या हवेत ते निघून जातं आणि स्फटिक आपसूक फुटतो. आपल्या मे महिन्याची सुकी हवा त्याच्यासाठी काळ आहे.

पायराइटचं नेमकं उलटं. ते सोनेरी खनिज, ज्याला लोक सोनं समजून फसतात. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की ते हळूहळू सडायला लागतं आणि त्यातून गंधकाचं आम्ल सुटतं. आणलेल्या खणांतला एक पायराइट मी पावसाळाभर दिवाणखान्यातल्या कपाटात ठेवला होता. ही चूक माझीच. ऑगस्टमध्ये कपाट उघडलं तर जळक्या काडेपेटीचा वास, दगडावर पिवळट-पांढरी बुरशीसारखी पूड, आणि खालची चिठ्ठी कडेने तपकिरी होऊन कुरतडल्यासारखी. हात लावताच कागदाचा कोपरा गळून पडला. शेजारच्या कॅल्साइटवरही त्या आम्लाचे डाग आले. तेव्हा समजलं की लॉमोंटाइट आणि पायराइट एका कपाटात नांदूच शकत नाहीत. एकाला ओल हवी, दुसऱ्याला कोरडेपणा.

उजेडाचंही तसंच. जांभळी गारगोटी आणि काही फ्लोराइट उन्हात फिकट पडतात, रिआलगार हे तांबडं खनिज उजेडात ठेवलं तर पिवळी पूड होतं. ओकेनाइट म्हणजे पाषाणाच्या पोकळीत पांढऱ्या केसांचे गोळे, कापसाच्या बोंडासारखे. कौतुकाने एकाने जरी बोट फिरवलं तरी ते केस कायमचे बसतात. आणि झिओलाइटला चकचकीत करायला कोणी तेजाबात बुडवलं तर त्याचा चिकट गोळा होण्याची भीती. हे सगळं सांगते आहे ते कोणाला घाबरवायला नाही. सांभाळणाऱ्याला थोडं शिकवलं तर यातलं एकही नुकसान होत नाही.

खदानमालकांनो, तुमच्याशी थोडं सविस्तर बोलायचं आहे. तुम्ही सुरुंग लावता, पाषाण फुटतो, क्रशरमध्ये जातो, गिट्टी होते, रस्ते होतात. ते काम थांबवा असं मी म्हणत नाही. माझ्या घराच्या पायातही तीच गिट्टी आहे. पण फुटलेल्या दगडात पोकळी उघडी पडली आणि आत काही चमकलं, तर तेवढा दगड डंपरमध्ये जाण्याआधी बाजूला काढता येतो. धार रस्त्यावरच्या एका खदानीत मी पाहिलं: मजुरांनी पाण्याच्या माठाशेजारी दगड रचून मारुतीचं छोटं ठाणं केलं होतं आणि त्याच्या पायाशी पारदर्शक अ‍ॅपोफिलाइटचे तीन स्फटिक ठेवले होते, झेंडूच्या फुलाबरोबर. कोणी त्यांना ते मोलाचे आहेत असं शिकवलं नव्हतं. धार जिल्ह्यातल्याच पाडल्या गावात लोक पिढ्यान्‌पिढ्या गोल दगड काकड भैरव म्हणून शेताच्या रक्षणासाठी पुजत होते. २०२३ मध्ये तज्ज्ञांनी पाहिलं तर ती डायनासोरची अंडी निघाली. पुजली गेली म्हणून टिकली. माणसाच्या हाताला चांगली वस्तू कळते, फक्त ती नेऊन कुठे ठेवायची याची जागा हवी.

माझं मागणं असं आहे की खोली झाली तर नमुन्याच्या चिठ्ठीवर तो ज्या मजुराने बाहेर काढला त्याचं नाव पहिलं असावं, मग खदानीचं, मग देणगीदाराचं. हॉलंडाइटला साहेबाचं नाव मिळालं, ते खाणीत उतरून फोडणाऱ्याचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही. आपण निदान चिठ्ठीवर तरी लिहू. आणि त्या माणसाला आपल्या मुलांना घेऊन येऊन काचेआडचं आपलं नाव दाखवता यावं, म्हणून प्रवेश फुकट असावा.

महापौरसाहेब आणि पार्षद मंडळी, इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खांडव्याहून इंदूरला रेल्वे यावी म्हणून १ कोटी रुपयांचं कर्ज दिलं आणि तो मार्ग विंध्याचा पाषाण फोडून घाटातून वर आला. आता त्याच घाटात ब्रॉडगेजचं काम चालू आहे, टिहीला बोगदा झाला, भेरूघाटात महामार्गाचे बोगदे आले. एका पिढीच्या आयुष्यात माळव्याचा पाषाण इतका खोलवर पुन्हा उघडणार नाही. या कामांवर एक भूविज्ञानाचा विद्यार्थी महिन्यातून दोनदा जाऊन नमुने आणि नोंदी घेईल एवढी परवानगी नगर निगम मागू शकतं. विद्यार्थी प्राचार्यांनी द्यावेत.

खोलीसाठी मी फार मागत नाही. गांधी हॉलच्या आवारात असो, एखाद्या झोन कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर असो, शाळेच्या बसला पोचता येईल अशी वीस बाय तीस फुटांची जागा पुरे. पश्चिमेचं ऊन नको. कपाटं लाकडाची नकोत, कारण लाकडातून सुटणारं आम्ल कॅल्साइटला खातं. रंग भाजून पक्का केलेली पोलादी कपाटं चांगली. दिवे एलईडीचे आणि काचेच्या बाहेर, म्हणजे आत उष्णता साठत नाही. प्रत्येक कपाटात आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ, पायराइटच्या कपाटात सिलिका जेल. ओकेनाइटवर वेगळं काचेचं झाकण. आणि दारापाशी एक मोठं टेबल, ज्यावर पाषाण, अकीक, गारगोटी मोकळी ठेवलेली, मुलांनी हातात घेऊन बघायला, एकमेकांवर घासून कोणता कोणाला ओरखडा पाडतो ते पाहायला. गारगोटी कॅल्साइटला ओरखडते, कॅल्साइट गारगोटीला नाही, हे एकदा स्वतःच्या हाताने केलेलं मूल विसरत नाही. चिठ्ठ्या हिंदी, मराठी आणि इंग्रजीत.

एक आग्रह आहे. ब्राझीलचे पुरुषभर उंचीचे जांभळे खडक विकत आणून खोली भरू नका. ते पैसे कपाटांवर आणि एका पगारी माणसावर खर्च करा, जो महिन्याला प्रत्येक खण उघडून बघेल. सिन्नरला गारगोटी संग्रहालयात दख्खनचे स्फटिक किती देखणे मांडले आहेत ते एकदा जाऊन पाहा, मी सोबत यायला तयार आहे. पण आपली खोली माळव्याची असावी: जानापाव, चोरल, पातालपाणी, धार, झाबुआ, नर्मदेच्या गोट्यांतले अकीक.

हे शहर २०१७ ते २०२३ सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलं आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे. सकाळची कचऱ्याची गाडी आली की आजही मी ओला-सुका वेगळा करून स्वतः खाली उतरते. ज्या शहराने लाखो घरांना कचरा वेगळा करायला शिकवलं, त्याला अटाळ्यातून खनिजांचा खण वेगळा काढायला शिकवणं अवघड नाही. निगमने महाविद्यालयांना आणि अटाळेवाल्यांना एक पत्रक काढावं: चिठ्ठी असलेले दगड दिसले तर फेकू नका, कळवा. छावणीतल्या त्या दुकानदाराने माझा नंबर तेव्हाच घेऊन ठेवला. त्यानंतर त्याचा दोनदा फोन आला. एकदा काहीच नव्हतं, दुसऱ्यांदा एका जुन्या वाड्यातून निघालेली गोमूत्री रंगाच्या कॅल्साइटची जोडी होती.

१४ खण माझ्या घरी आहेत. ११८ नमुने, १४३ चिठ्ठ्या. यादी करून ठेवली आहे. मोबदला नको, पावती हवी, आणि पावतीवर प्रत्येक नमुन्याचा क्रमांक हवा. लॉमोंटाइटचे दोन तुकडे बंद बरणीत ओल्या कापसाजवळ ठेवले आहेत, पायराइट तांदळाच्या डब्यात. हे घरगुती उपाय आहेत, फार दिवस चालणारे नाहीत. पावसाळा जूनच्या मध्यावर येतो. त्याआधी कोणी येऊन बघून गेलं तर बरं होईल. मी सकाळी अकरापर्यंत घरीच असते.

आपली,
इंदूरची एक निवृत्त शिक्षिका